जेरोंटोलॉजी शिकायची आहे? आधी क्रम नीट लावा

"जेरोंटोलॉजीत एम.ए. झालंय, आता स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचं समुपदेशन करायचंय. अर्ज कुठे करू?" जेरोंटोलॉजी, म्हणजे वार्धक्याचा अभ्यास, शिकलेलं कुणी ना कुणी हा प्रश्न मला दरवर्षी विचारतं. विचारणारी मुलं हुशार असतात, मनापासून काही करू पाहणारी असतात. पण दोन वर्षं आणि भरमसाट फी खर्चून झाल्यावर त्यांना कळतं की ज्या कामासाठी हा सगळा खटाटोप केला, त्याला वेगळा परवाना लागतो आणि या पदवीतून तो मिळत नाही.

अशा वेळी अभ्यास चांगला झालेला असतो, क्रम तेवढा चुकलेला असतो. बहुतेकजण आधी कोर्स शोधतात, मग प्रवेश घेतात, मग नोकऱ्या कुठल्या ते बघतात. वयस्कर माणसांशी खरी गाठ पडते ती थेट शेवटच्या सेमेस्टरच्या इंटर्नशिपमध्ये. हाच क्रम उलटा लावायचा आहे: आधी माणसं, मग काम, मग त्या कामाचा परवाना आणि त्यानंतर कोर्स. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मधला एखादा गाळून पुढे जाऊ नका.

टप्पा १: अर्ज भरण्याआधी साठ तास

आठवड्याला तीन तास, असे वीस आठवडे. एखाद्या संस्थेच्या स्वयंसेवक योजनेतून, रीतसर परवानगी घेऊन ज्येष्ठांमध्ये जा. ठिकाणं किमान दोन प्रकारची हवीत. एक असं, जिथे माणसं हिंडती-फिरती आहेत: ज्येष्ठांचं मंडळ, डे केअर केंद्र, वाचनालय. दुसरं असं, जिथे माणसं दुसऱ्यावर अवलंबून आहेत: निवासी केंद्र किंवा घरपोच सेवा देणारी संस्था. नुसतं निवासी केंद्र पाहिलेल्या मुलांच्या मनात म्हातारपण म्हणजे खाट आणि औषधं एवढंच चित्र पक्कं बसतं, आणि ते पुढे दोन वर्षं पुसलं जात नाही. प्रत्यक्षात बहुसंख्य ज्येष्ठ स्वतःच्या घरात राहतात आणि स्वतःचे व्यवहार स्वतः बघतात.

"मी घरच्या आजीचं सगळं केलंय" हा अनुभव मोलाचा आहे, पण या साठ तासांत तो धरू नका. घरच्या माणसाच्या शंभर गोष्टी तुम्हाला न सांगता ठाऊक असतात आणि त्याचा तुमच्यावर आधीपासून विश्वास असतो. परक्या माणसाचा विश्वास शून्यापासून मिळवावा लागतो. पुढे आयुष्यभर तेच करायचं आहे.

जवळ एक छोटी वही ठेवा. प्रत्येक भेटीनंतर घरी येऊन तीन ओळी लिहा: आज काय पाहिलं, माझा अंदाज काय होता, तो कुठे चुकला. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. नावं, खोली क्रमांक, आजार यातलं काहीही लिहू नका. गोपनीयतेची सवय इथूनच लागायला हवी.

तीस तासांच्या आसपास वही पहिल्यापासून वाचून काढा. तुम्ही जास्त कशाबद्दल लिहिलंय? माणसांच्या आठवणींबद्दल आणि एकटेपणाबद्दल? चालणं, उठणं, तोल जाणं याबद्दल? मुलं, सुना, पैसे, कागदपत्रं याबद्दल? की या इमारतीत दोन पायऱ्या उगाच का ठेवल्या आहेत, याबद्दल? पुढच्या टप्प्यात काम निवडताना ही वही कुठल्याही कल चाचणीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

*तपासा:* एकाच व्यक्तीने एकच प्रश्न सातव्यांदा विचारला तेव्हा तुमचा आवाज बदलला का? लघवीचा वास, दीर्घ शांतता, सावकाश चालणाऱ्यामागे थांबणं हे सहन झालं का? नाही झालं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. धोरण, संशोधन, घरांची रचना या कामांनाही माणसं लागतात. फक्त ते आत्ताच कळलेलं बरं.

*जपा:* सर्दी, ताप, पोट बिघडणं यातलं काहीही असेल तर त्या दिवशी जाऊ नका. तुम्हाला दोन दिवस त्रास देणारा संसर्ग ऐंशी वर्षांच्या माणसाला रुग्णालयात पोचवू शकतो.

टप्पा २: काम ठरवा, परवाना तपासा

दोन शब्दांची गल्लत आधी सोडवून घेऊ. जेरोंटोलॉजी म्हणजे वार्धक्याचा सर्वांगी अभ्यास: शरीर, मन, कुटुंब, समाज, कायदा, धोरण. जेरियाट्रिक्स म्हणजे वृद्धांच्या आजारांवरची वैद्यकीय शाखा. जेरियाट्रिशियन व्हायचं तर आधी डॉक्टर व्हावं लागतं. जेरोंटोलॉजीच्या पदवीने तुम्हाला उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही, मग पदवी कितीही मोठ्या विद्यापीठाची असो.

यावरून कामांचे दोन गट पडतात. पहिला परवान्याच्या कामांचा: डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि अनेक देशांत समाजकार्यकर्तासुद्धा. यांतलं काही करायचं असेल तर आधी ती मूळ पदवी आणि तिचा परवाना. जेरोंटोलॉजी त्यावर जोड म्हणून, प्रमाणपत्र किंवा विशेष विषयाच्या रूपात. दुसऱ्या गटात डे केअर केंद्राचे कार्यक्रम आखणं, सेवांचा समन्वय, काळजीवाहकांचं प्रशिक्षण, स्वयंसेवी संस्थांचे प्रकल्प, धोरण आणि संशोधन, ज्येष्ठांसाठीची घरं आणि उपकरणं ही कामं येतात. इथे जेरोंटोलॉजीची पदवी स्वतःच्या पायावर उभी राहू शकते. काही कामं सीमेवरची आहेत: निवासी केंद्राचं व्यवस्थापन वरून नुसतं प्रशासकीय वाटतं, पण अमेरिकेत नर्सिंग होमच्या प्रशासकाला राज्याचा परवाना लागतो. आपण जिथे काम करणार तिथला नियम प्रत्येकाने स्वतः पाहायचा.

आता एक दुपार काढा. तुम्हाला खरोखर आवडतील अशा नोकरीच्या दहा जाहिराती गोळा करा आणि एका कागदावर चार रकाने आखा: सक्तीची पदवी, परवाना, अनुभव, इतर कौशल्यं. दहाही जाहिराती त्यात भरा. दहापैकी सात-आठ ठिकाणी परवान्याचा रकाना भरला, तर तुम्ही पहिल्या गटात आहात. हा कागद डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय एकाही कोर्सचं माहितीपत्रक उघडू नका. माहितीपत्रकातल्या हसऱ्या चेहऱ्यांवरून केलेली निवड पुढे महागात पडते.

*जपा:* कोर्सच्या नावात "थेरपी" किंवा "कौन्सेलिंग" असलं म्हणजे परवाना मिळतो असं नाही. परवाना देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत तो कोर्स आहे का ते बघा आणि उत्तर लेखी घ्या. प्रवेश कार्यालयात फोनवर मिळालेलं "हो, चालतं" कामाचं नाही.

टप्पा ३: कोर्स उलगडून बघा

आता कोर्स शोधायला हरकत नाही. अभ्यासक्रम आणि क्षेत्रकार्य (संस्थेत जाऊन देखरेखीखाली केलेलं प्रत्यक्ष काम) एवढ्या दोन गोष्टी खोलात जाऊन तपासल्या तरी बाकीचं बरंचसं कळतं.

अभ्यासक्रमात वार्धक्याची तीन अंगं स्वतंत्र विषय म्हणून हवीत: शरीराचं, मनाचं, समाजाचं. शिवाय संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र, नीतिशास्त्र आणि कायदा, आणि आयुष्याच्या अखेरीची शुश्रूषा. यातलं शेवटचं कित्येक ठिकाणी नसतंच. मृत्यूबद्दल एकही तास नसलेला वार्धक्याचा कोर्स मी तरी अपुरा मानते. पडताळायला एक तयार पट्टी हवी असेल, तर उच्च शिक्षणातल्या जेरोंटोलॉजीसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या 'एजीएचई' या संस्थेने २०१४ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना काय यायला हवं याची यादी प्रसिद्ध केली आहे. ती शेजारी ठेवून अभ्यासक्रमावर खुणा करत जा.

क्षेत्रकार्याबद्दल विभागाला हे प्रश्न ईमेलने विचारा:

१. देखरेखीखालचे तास किती, आणि ते कोणत्या सेमेस्टरमध्ये सुरू होतात?
२. संस्था कोण शोधून देतं, विभाग की विद्यार्थी?
३. तिथे देखरेख करणारी व्यक्ती कोणत्या शाखेची असेल, आणि ती दर आठवड्याला भेटते का?
४. मागच्या दोन तुकड्यांतले विद्यार्थी आज कोणत्या पदांवर आहेत?

चौथ्याला गोलमाल उत्तर आलं तर सावध व्हा. शक्य असेल तर माजी विद्यार्थ्यांपैकी दोघांशी थेट बोला आणि "कोर्स कसा आहे" असं न विचारता "नोकरीच्या पहिल्या महिन्यात काय येत नव्हतं" असं विचारा.

ऑनलाइन कोर्स वाईटच असतात असं नाही. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या परिचारिकेला किंवा समाजकार्यकर्त्याला ते उत्तम पडतात, कारण माणसं त्यांच्यासमोर रोजच असतात. पण विशीतल्या, कोणताही अनुभव नसलेल्या विद्यार्थ्याने क्षेत्रकार्याशिवायचा ऑनलाइन कोर्स घेऊ नये.

*तपासा:* टप्पा २ चा कागद आणि हा अभ्यासक्रम शेजारी ठेवा. जाहिरातींत मागितलेली कोणती कौशल्यं इथे शिकवतच नाहीत? ती कुठून मिळवणार, हे प्रवेश घेण्यापूर्वी लिहून काढा.

टप्पा ४: अर्जासोबतचा निबंध

यावर फार वेळ घालवू नका, पण एक गोष्ट टाळा. "माझं आजीवर फार प्रेम होतं, म्हणून मला या क्षेत्रात यायचंय" या वाक्याने सुरू होणारे अर्ज निवड समितीसमोर ढिगाने येतात. प्रेम खरं असतं, पण त्यावरून तुम्ही काय करू शकाल ते कळत नाही. त्याऐवजी वहीतली तिसरी ओळ काढा: माझा अंदाज काय होता आणि तो कुठे चुकला. अशा एका प्रसंगावर अर्धं पान, तुम्ही ठरवलेलं काम आणि त्यासाठी हाच कोर्स का यावर अर्धं पान. एवढं पुरे.

टप्पा ५: पहिल्या सेमेस्टरमधल्या तीन गाठी

या तीन गाठी सुरुवातीला सुटल्या नाहीत, तर पुढचं सगळं वाचन वाकडं जातं.

*वय आणि पिढी.* समजा एका पाहणीत असं दिसलं की पंचाहत्तरीच्या लोकांना पस्तिशीच्या लोकांपेक्षा एका चाचणीत कमी गुण पडले. वयामुळे बुद्धी घसरते, असा निष्कर्ष लगेच निघतो. पण पंचाहत्तरीची माणसं वेगळ्या काळात वाढली, त्यांचं शालेय शिक्षण वेगळं, पोषण वेगळं. तो फरक वयाचा की पिढीचा, हे एकाच वेळी केलेल्या पाहणीतून सांगता येत नाही. म्हणून तीच माणसं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासणारे अभ्यास लागतात. सिएटलमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या अशा अभ्यासात दिसलं की एकवेळच्या तुलनेत घसरण जेवढी लवकर आणि तीव्र वाटते, तेवढी ती प्रत्यक्षात नसते. अर्थात दीर्घकालीन अभ्यासातही खोट असते: आजारी पडणारे मधेच गळतात, धडधाकट उरतात आणि चित्र आहे त्यापेक्षा गोड दिसतं. कोणताही शोधनिबंध हातात घेतला की पहिला प्रश्न हाच: हा अभ्यास एकवेळचा की दीर्घकालीन?

*वय आणि आजार.* डोळ्यांना जवळचं दिसायला चष्मा लागणं, झोप हलकी होणं, नाव आठवायला क्षणभर जास्त लागणं हे वयाबरोबर येतं. वारंवार पडणं, लघवीवर ताबा न राहणं, महिनोन्महिने उदास राहणं, एकाएकी गोंधळणं हे वयानुसार "होतंच" म्हणून सोडून द्यायचं नाही. त्यामागे कारण असतं आणि पुष्कळदा त्यावर उपाय असतो. "आता वय झालं" हे वाक्य तुमच्या नोंदीत कधीही येता कामा नये. वयावरून माणसाला कमी लेखण्याच्या या वृत्तीला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये 'एजिझम' हे नाव दिलं. ती सगळ्यात जास्त लपते ती असल्याच सहानुभूतीच्या वाक्यांत.

*डिलिरियम, डिमेन्शिया, डिप्रेशन.* तिघांतही माणूस "गोंधळलेला" दिसतो. डिलिरियम तासां-दिवसांत येतो, दिवसभरात कमी-जास्त होतो आणि त्यात लक्ष टिकत नाही. काल व्यवस्थित बोलणारी व्यक्ती आज बरळते किंवा गुंगी आल्यासारखी झोपून राहते. संसर्ग, नवं औषध, शरीरातलं पाणी कमी होणं अशी कारणं त्यामागे असतात आणि ती तातडीने डॉक्टरकडे न्यायची बाब आहे. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, महिन्या-वर्षांत हळूहळू वाढतो. नैराश्यात हा बदल काही आठवड्यांत दिसू लागतो आणि "मला काही आठवत नाही हो" अशी तक्रार बहुधा माणूस स्वतःच करतो. ही तिन्ही एकमेकांत मिसळूनही येतात. निदान करणं तुमचं काम नाही. पण "हे कधीपासून? काल असंच होतं का?" हा प्रश्न विचारणं तुमचं काम आहे.

*जपा:* आधीच डिमेन्शिया असलेल्या माणसाचा गोंधळ एकदम वाढला तर "आजार वाढला" असं म्हणून गप्प बसू नका. डिमेन्शिया असलेल्यांना डिलिरियमचा धोका जास्त असतो आणि त्यांच्यातच तो सगळ्यात जास्त निसटतो.

टप्पा ६: तपासणीचे फॉर्म हातात घेण्याआधी बोलायला शिका

हा टप्पा कोणत्याही अभ्यासक्रमात पुरेसा नसतो, म्हणून स्वतःच सराव करा.

बसायची जागा आधी बघा. खिडकीला पाठ करून बसलात तर तुमचा चेहरा अंधारात जातो आणि समोरच्याला ओठ दिसत नाहीत. उजेड तुमच्या चेहऱ्यावर हवा. उंची त्यांच्या डोळ्यांइतकी, म्हणजे खुर्ची ओढून बसा. खाटेशेजारी उभं राहून विचारलेले प्रश्न उलटतपासणीसारखे वाटतात. चष्मा डोळ्यांवर आहे का, श्रवणयंत्र कानात आहे का, ते चालू आहे का, हे बघून घ्या. वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे ओरडल्याने उपयोग होत नाही. आवाजाची पट्टी खाली आणा, वेग कमी करा, वाक्य छोटं करा. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. नवखा मुलाखतकार तिसऱ्या सेकंदाला प्रश्न बदलतो, आणि मग समोरच्याला दोन प्रश्नांची उत्तरं एकदम शोधावी लागतात.

लहान मुलाशी बोलावं तसं बोलू नका. "चला, आता आपण गोळी घ्यायची हं" यात माया असते, पण ऐकणाऱ्याला ती कमीपणाची वाटते. काय म्हणून हाक मारू, हे त्यांनाच विचारा. काहींना "आजी" आवडतं. चाळीस वर्षं शाळा चालवलेल्या बाईंना "बाई"च आवडतं.

आणि बोलायचं त्यांच्याशी. सोबत आलेला मुलगा पटापट उत्तरं देतो, ते सोयीचं पडतं, आणि दहा मिनिटांत खोलीतला मुख्य माणूस संभाषणातून बाहेर जातो. मुलाला नम्रपणे सांगा: "आधी त्यांच्याकडून ऐकते, मग तुमच्याशी बोलते." काही वेळ एकट्याशी बोलण्याची संधी नेहमी ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढच्या साधारण सहांपैकी एका व्यक्तीला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारची गैरवागणूक सोसावी लागते. ती करणारी व्यक्ती शेजारच्याच खुर्चीत बसलेली असू शकते.

*तपासा:* परवानगी घेऊन एक संभाषण रेकॉर्ड करा. त्यात तुमचा आवाज किती वेळ आणि त्यांचा किती, ते मोजा. तुमचा निम्म्याहून जास्त असेल तर पुन्हा सराव करा.

टप्पा ७: मोजमापाची साधनं वापरायला शिका

सगळी शिकायला जाऊ नका. चार नीट आली तरी पुष्कळ.

रोजच्या क्रिया. कॅट्झ यांच्या १९६३ च्या मापात सहा गोष्टी आहेत: आंघोळ, कपडे घालणं, शौचास जाणं, अंथरुणातून-खुर्चीतून उठबस, मल-मूत्रावर ताबा आणि जेवणं. प्रत्येकीला एक गुण. सोपं वाटतं, म्हणूनच चुकतं. माझ्या एका विद्यार्थिनीने चौऱ्याऐंशी वर्षांच्या गृहस्थांना विचारलं, "कपडे स्वतः घालता?" "सगळं मीच करतो." तिने खूण केली. मी म्हटलं, शर्ट घालून दाखवायला सांग. त्यांनी बाह्या व्यवस्थित घातल्या, वरची तीन बटणं सावकाश लावली. खालची दोन त्यांच्या बायकोने बोलता बोलता, आमच्याकडेच बघत, सहज लावून टाकली. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. ते खोटं बोलत नव्हते. बायको आठ दिवस गावाला गेली तर काय होईल, हे त्या दोन बटणांनी सांगितलं. या मापात बटणं, हूक लावणं हे कपडे घालण्यातच धरतात. बुटाची नाडी बांधायला मदत लागली तर मात्र चालते. असे बारकावे मूळ सूचनांत असतात, म्हणून फॉर्मबरोबर सूचनाही वाचा. आणि जिथे शोभेल तिथे "करता का" ऐवजी "दाखवाल का" असं विचारा.

व्यवहाराच्या क्रिया. लॉटन आणि ब्रॉडी यांच्या १९६९ च्या मापात आठ गोष्टी आहेत: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचे व्यवहार. कुवत कमी होऊ लागली की बहुधा हीच कामं आधी निसटतात. ज्या पुरुषाने जन्मात स्वयंपाक केला नाही त्याला "स्वयंपाक येत नाही" म्हणून गुण कापले तर काहीच कळत नाही. "आधी करत होता का, कधी थांबलात, का थांबलात?" हे तीन प्रश्न जोडा.

चालणं आणि तोल. 'टाइम्ड अप अँड गो' चाचणीत व्यक्ती खुर्चीतून उठते, तीन मीटर नेहमीच्या वेगाने चालते, वळते, परत येऊन बसते. पायात नेहमीची पादत्राणं, हातात नेहमीची काठी. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या मार्गदर्शिकेत धरतात. नुसते सेकंद लिहून थांबू नका. हात टेकून उठले का, वळताना किती पावलं टाकली, बसताना धपकन बसले का, हेही टिपा. आणि घड्याळाकडे बघता बघता माणसाकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. शेजारी, हात पोचेल इतक्या अंतरावर राहा.

सर्वसाधारण चाळणी. जागतिक आरोग्य संघटनेची 'आयकोप' पद्धत नवख्यांसाठी चांगली आहे. स्मरणशक्ती, हालचाल, पोषण, दृष्टी, श्रवण आणि मनःस्थिती या सहा अंगांची त्यात प्राथमिक चाळणी होते. उदाहरणार्थ, हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठणं-बसणं १४ सेकंदांत जमतं का.

*जपा:* स्मरणशक्तीच्या ३० गुणांच्या चाचण्या इंटरनेटवरून उतरवून घरच्यांवर करून बघू नका. 'मोका'सारख्या चाचणीसाठी आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. शिवाय कमी शिक्षण, बहिरेपणा, परकी भाषा यांमुळे गुण कमी येतात. कमी गुण म्हणजे डिमेन्शिया नव्हे, आणि कुणाच्याही तोंडावर तसं बोलणं हा अपराध समजा.

टप्पा ८: क्षेत्रकार्य

पहिल्या दिवसाआधी तुम्ही, संस्था आणि विभाग यांच्यात एक लेखी करार हवा: तुम्ही काय शिकणार, काय करणार आणि काय करणार नाही. तिसरा भाग बहुतेक करारांत नसतो, तो आग्रहाने घाला. औषध देणं, उचलणं, जखम बघणं हे ज्याचं प्रशिक्षण नाही ते करायचं नाही. माणसं कमी असलेल्या दिवशी "जरा यांना बाथरूमला ने ना" असं कुणीतरी म्हणतंच. नकार देताना कराराचा कागद उपयोगी पडतो. चुकीच्या पद्धतीने उचलताना दोघांनाही दुखापत होते.

पहिला आठवडा नुसता बघा. एका व्यक्तीचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस तिच्या बाजूने लिहून काढा: कधी उठवलं, कशासाठी किती थांबावं लागलं, दिवसभरात तिला स्वतःला किती गोष्टी ठरवता आल्या. संस्थेचं वेळापत्रक आणि माणसाची लय कुठे घासतात ते या एका कागदावर दिसतं. तुमचा पहिला प्रकल्प बहुधा तिथूनच निघेल.

पैसे हाताळू नका, भेटवस्तू घेऊ नका, स्वतःचा फोन नंबर देण्याआधी देखरेख करणाऱ्याला विचारा. "हे कुणाला सांगू नकोस हं" असं म्हणून कुणी मारहाणीची किंवा पैसे काढून घेतल्याची गोष्ट सांगू लागलं, तर गुप्त ठेवण्याचं वचन देऊ नका. ऐका, आणि प्रामाणिकपणे सांगा: "तुमच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मला माझ्या वरिष्ठांना सांगावं लागेल." अशा वेळी कुणाला, किती वेळात कळवायचं याचा संस्थेचा नियम पहिल्याच दिवशी विचारून वहीत लिहून ठेवा.

क्षेत्रकार्याच्या काळात कुणाचा तरी मृत्यू होण्याची शक्यता असते. परवापर्यंत ज्यांच्याशी बोलत होतात त्यांची खाट रिकामी दिसते, आणि चार वाजेपर्यंत तिथे दुसरं कुणी आलेलं असतं. हे सोसायला तुम्ही कमकुवत आहात असं समजू नका. त्याच आठवड्याच्या देखरेखीच्या भेटीत बोला. बोलायला वेळच मिळत नसेल तर विभागाला लेखी कळवा; ती तुमची तक्रार नाही, शिक्षणाचा भाग आहे.

*तपासा:* निरोप कधी घ्यायचा ते ठरलंय का? "शेवटच्या दिवशी सांगेन" ही सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात जास्त दुखावणारी चूक आहे. ज्यांच्या आयुष्यातून माणसं सतत निघून जात आहेत, त्यांच्याकडे तुम्ही सहा महिने दर मंगळवारी जात होतात. निदान तीन आठवडे आधीपासून सांगा आणि प्रत्येक भेटीत पुन्हा सांगा. स्मृतिभ्रंश असलेल्यांनाही सांगा. त्यांना तारीख आठवणार नाही, पण तुमचा हात हातात होता हे त्या क्षणी त्यांना कळतं.

टप्पा ९: नोकरीसाठीची फाईल

शेवटच्या सेमेस्टरमध्ये टप्पा २ चा कागद पुन्हा बाहेर काढा. तोच आता तुमच्या फाईलचा आराखडा आहे. त्यातल्या प्रत्येक मागणीसमोर एक पुरावा लावा: नावं काढून टाकलेला एक केस अभ्यास, तुम्ही आखलेल्या एका कार्यक्रमाचा आराखडा आणि त्यात काय फसलं याची नोंद, देखरेख करणाऱ्याच्या सहीचे तास, काळजीवाहकांसाठी सोप्या भाषेत लिहिलेलं एखादं माहितीपत्रक. हे माहितीपत्रक मोठ्या अक्षरात छापून दोन ज्येष्ठांना मोठ्याने वाचायला द्या आणि ते जिथे अडखळतील तिथे वाक्य बदला.

मुलाखतीत "ज्येष्ठांसोबत काम करण्यातलं अवघड काय?" असं बहुधा विचारतात. पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. वही सोबत न्या.

नोकरी पत्करण्याआधी तुम्हीही चार प्रश्न विचारा: एका कर्मचाऱ्यामागे किती ज्येष्ठ, वर्षभरात किती कर्मचारी सोडून गेले, देखरेख कोण करतं, आणि एखाद्या राहणाऱ्याने तक्रार केली तर तिचं पुढे काय होतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावर परवानगी घेऊन इमारतीतून एक चक्कर मारा. दुपारी दोनच्या सुमारास किती जण खिडकीशी, बागेत, एकमेकांशी बोलत बसलेत आणि किती जण टीव्हीसमोर मान टाकून बसलेत, ते मोजा आणि मगच सही करा.